लांडगा दिसला तर काय करायचं: कोल्हापूरच्या माळावरच्या मेंढपाळांसाठी आणि शेतकऱ्यांसाठी

दिवाळी सरते, कारखान्यांची धुराडी पेटतात, उसाचे फड मोकळे व्हायला लागतात आणि मला फोन येऊ लागतात. "मळ्याजवळ लांडगा दिसलाय, काय करू?" कधी हातकणंगल्याकडून, कधी कागलच्या माळावरून, कधी गडहिंग्लजच्या पूर्वेकडच्या एखाद्या गावातून. बहुतेक वेळा तो लांडगा नसतोच. पण जेव्हा असतो, तेव्हा पुढच्या दोन-तीन दिवसांत माणसं काय करतात यावर बरंच काही ठरतं. मेंढपाळाची मेंढरं वाचतात का आणि ते जनावर जिवंत राहतं का, हे दोन्ही त्यात आलं.

आमच्या घरी तीन पिढ्या बकरी होती. (आमच्याकडं मेंढरांना बकरीच म्हणतात.) पाऊस लागला की आजोबा पूर्वेकडच्या कोरड्या मुलखात, जत-आटपाडीच्या अंगानं बकरी घेऊन जायचे. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेच्या सुमाराला परत फिरायचे. लांडगा त्यांच्या बोलण्यात रोज असायचा, पण त्याच्याबद्दल त्वेष नसायचा. एखादं कोकरू गेलं की आजी हळहळायची आणि आजोबा म्हणायचे, "वाडा ढिला बांधला हुता, त्याचा काय दोष." (वाडा म्हणजे मेंढरं रात्री कोंडायची जाळीची जागा.) आपलं काय चुकलं हे आधी बघायची ही सवय पुढच्या सगळ्या सांगण्याच्या मुळाशी आहे.

आधी नक्की काय दिसलं ते ठरवा

आपल्या जिल्ह्यात कुत्र्यासारखी दिसणारी चार-पाच रानटी जनावरं आहेत आणि अंधारात सगळीच लांडगा वाटतात. उसात राहणारा, संध्याकाळी कोल्हेकुई करणारा तो कोल्हा. वजन साधारण आठ ते अकरा किलो, पाय आखूड, तोंड निमुळतं. मांजरापेक्षा थोडी मोठी, शेपटीचं टोक काळं असलेली ती खोकड. ती उंदीर, सरडे, किडे खाते आणि शेतकऱ्याच्या उपयोगाची आहे. मान-खांदे उंच, मागची बाजू उतरती, अंगावर पट्टे आणि पाठीवर आयाळ असेल तर ते तरस. विटकरी तांबूस अंग आणि झुपकेदार काळी शेपटी असेल तर कोळसुंदा, म्हणजे रानकुत्रा. तो राधानगरी-चांदोलीच्या जंगलात राहतो. उघड्या माळावर सहसा येत नाही.

लांडगा उंच आणि काटकुळा असतो. पाय लांब, छाती अरुंद, पोट आत गेलेलं. आपल्याकडच्या लांडग्याचं वजन साधारण १८ ते २५ किलो भरतं, म्हणजे परदेशी चित्रपटांत दिसणाऱ्या केसाळ, धिप्पाड लांडग्याच्या निम्म्याहून कमी. रंग वाळलेल्या गवतासारखा, पाठीवर काळसर झाक, डोळे पिवळे. शेपटी नेहमी खाली लोंबती. कुत्र्यासारखी पाठीवर वळलेली शेपटी दिसली तर लांडगा नाही, असं खुशाल समजा. चालही बघण्यासारखी असते. कुत्रं इकडं हुंगत, तिकडं वळत चालतं. लांडगा नाकासमोर एका लयीत जातो, मध्येच थांबून मागं वळून बघतो आणि पुन्हा त्याच लयीत निघतो. धुळीत त्याच्या पावलांची रांग जवळजवळ सरळ रेषेत सापडते.

मोबाइलवर फोटो काढला असेल तर तो गावाच्या ग्रुपवर टाकण्याआधी जाणत्या मेंढपाळाला किंवा वनरक्षकाला दाखवा. एकदा "लांडग्यांची टोळी" असा मजकूर फिरला आणि मी जाऊन पाहिलं तर कोंबड्यांच्या शेडमागं पडलेल्या मेलेल्या पक्ष्यांवर जमलेली सात भटकी कुत्री होती. तोवर तरुण पोरं काठ्या घेऊन रात्रभर माळ तुडवून आली होती.

तो कसा जगतो

लांडग्याचा कळप म्हणजे एक घर असतं. आई, बाप आणि त्यांची यंदाची व गेल्या वर्षीची पोरं. आपल्याकडं दोन ते सात-आठ जनावरांचे कळप दिसतात, बऱ्याचदा तर फक्त जोडीच. कळपातल्या कळपात सतत मारामाऱ्या करून एक जण दादा होतो, हे चित्र बंदिस्त जागेत कोंडलेल्या, एकमेकांशी नातं नसलेल्या लांडग्यांवरून तयार झालं. रानातला बाप लांडगा शिकारीहून परतल्यावर पोटातलं अन्न ओकून पिलांना भरवतो आणि मोठी भावंडं धाकट्यांची राखण करतात. मराठीत 'लांडगेतोड' हा शब्द आपण माणसांच्या हावरेपणासाठी वापरतो. ज्या जनावरावरून तो आला, त्याच्यावर अन्याय करणारा आहे तो.

कळपाला फिरायला मोठा मुलूख लागतो, शंभर-दोनशे चौरस किलोमीटरपर्यंतचा. म्हणून आज तुमच्या माळावर दिसलेला लांडगा उद्या दुसऱ्या तालुक्यात असू शकतो. 'आमच्या गावात लांडगा राहायला आलाय' असं एका दर्शनावरून म्हणता येत नाही.

लांडगा जंगलातला प्राणी नाही, माळाचा आहे. सह्याद्रीच्या दाट, ओल्या रानात त्याला जमत नाही. त्याला आखूड गवत, खुरटी झुडपं, ओघळी आणि लांबवर दिसणारी नजर हवी. असा मुलूख आपल्या पूर्वेला सांगली, सोलापूर, साताऱ्याच्या माण-खटावपर्यंत आणि खाली कर्नाटकात पसरलाय, आणि कोल्हापूर जिल्ह्याची पूर्व बाजू म्हणजे त्याची किनार. एके काळी या माळावर काळविटं होती. शाहू छत्रपतींच्या काळात कोल्हापूर दरबारात शिकारी चित्ते पाळले जात आणि त्यांच्याकडून काळविटांच्या शिकारी होत. आता इथं चित्ता नाही आणि काळवीटही नाही. ससे, उंदीर, घुशी उरल्या आणि त्यांच्या जोडीला आपली शेळ्या-मेंढरं. लांडगा मेंढरावर येतो तो यामुळं. त्याच्या ताटातलं जे होतं ते आपण आधी संपवलं.

इंग्रजी अमदानीत लांडगा मारणाऱ्याला सरकार बक्षीस देत असे. आज तो वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण. मारला, फास लावला, विष घातलं तर तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. देशभरात लांडगे तीन हजारांच्या आसपास असावेत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. २०२२ च्या गणनेत वाघांचा अंदाज ३,६८२ निघाला होता. वाघ दिसला की आपण गाडी थांबवून हात जोडतो आणि तेवढाच दुर्मीळ लांडगा दिसला की दगड उचलतो.

रात्रीचा वाडा

सगळ्यात जास्त नुकसान रात्री आणि झुंजूमुंजू होताना होतं, म्हणून सगळ्यात जास्त मेहनत इथं घ्यायची. बाकीचं वाचायला वेळ नसेल तर एवढा भाग तरी वाचा.

जागा दिवस असताना निवडा. उसाच्या कडेला, ओढ्याच्या काठावर, ओघळीच्या तोंडाशी वाडा लावू नका. लांडगा आडोशानं सरकत येतो आणि शेवटचं अंतर धावून कापतो. वाड्याभोवती चारी बाजूंनी पन्नासेक पावलं मोकळी जमीन असली की कुत्र्यांना आणि तुम्हाला त्याची चाहूल लागायला वेळ मिळतो. शेतकऱ्याच्या रानात बकरी बसवायची असतील तर त्याला स्पष्ट सांगा, खोडव्याच्या (ऊस तोडून बुडखे राहिलेल्या रानाच्या) मधोमध बसवू, बांधाला नको. लेंडीखत त्याला तिथंही तेवढंच मिळणार आहे.

आता वाघर. कमरेएवढ्या उंचीची ही जाळी लांडग्याला अडवू शकत नाही. मनात आणलं तर तो ती सहज ओलांडतो. मग ती कशासाठी? वास आला की मेंढरं आतून बिथरतात, एका बाजूला दाटतात आणि जाळी पाडून उधळतात. उधळलेल्या कळपातून अंधारात एकेक टिपणं लांडग्याला सोपं जातं. एका रात्रीत दहा-पंधरा मेंढरं गेल्याच्या ज्या हकिगती मी ऐकल्या, त्यातल्या बहुतेकांत बकरी वाड्याबाहेर फुटलेली होती. म्हणजे वाघर लांडग्याला बाहेर ठेवायला जितकी, त्याहून जास्त ती मेंढरांना आत ठेवायला असते. म्हणून खुंट्या हातभर तरी जमिनीत जायला पाहिजेत आणि दोन खुंट्यांत अंतर कमी पाहिजे. जाळीची खालची दोरी जमिनीला टेकलेली असावी. जमीन कडक असेल तर पहारीनं भोक पाडून खुंटी ठोका, दगडाच्या आधारावर भागवू नका. बाहेरून बोराटी किंवा बाभळीच्या काट्याच्या फांद्या लावल्या, फांदीचे बुडखे आत आणि काटे बाहेर, तर आणखी चांगलं.

कोकरं आणि करडं वेगळी. लांडगा उचलून नेऊ शकतो ती हीच. त्यांची डालगी (मोठ्या टोपल्या) बिऱ्हाडाच्या अगदी जवळ, माणूस झोपतो त्याच्या हाताच्या अंतरावर ठेवा. डालग्यावर नुसती घोंगडी टाकून भागत नाही, वर दगड ठेवा किंवा दोरीनं बांधा. व्यायला झालेल्या मेंढ्याही वाड्याच्या मधे घ्या.

झोपायची जागा वाड्याच्या एकाच बाजूला सगळ्यांची नको. एक जण वाऱ्याच्या खालच्या बाजूला झोपावा. लांडगा आपला वास लागू नये म्हणून वारा तोंडावर घेत येतो, त्यामुळं बहुतेक वेळा त्याच बाजूनं येतो. आमच्या आजोबांची खाट (खाट कसली, घोंगडं) नेहमी तिथं असायची.

उजेडाचा उपयोग होतो, पण एकाच जागी रात्रभर जळणाऱ्या दिव्याची लांडग्याला तीन-चार दिवसांत सवय होते. रंग बदलत, थांबून थांबून चमकणारे सौर दिवे मिळतात. ते रोज जागा बदलून लावा. दोरीला हातभर अंतरावर लाल कापडाच्या लांब पट्ट्या बांधून ती वाड्याभोवती गुडघ्याच्या उंचीवर ताणायची, ही युक्ती युरोपात शेकडो वर्षं जुनी आहे. वाऱ्यावर हलणाऱ्या पट्ट्या ओलांडायला लांडगा बिचकतो. तिचाही परिणाम काही आठवड्यांत ओसरतो, म्हणून वर्षभर लावून ठेवू नका. लांडगा फिरतोय असं कळल्यावर किंवा मेंढ्या विण्याच्या दिवसांत काढा, मग गुंडाळून ठेवा. जुन्या लुगड्याच्या पट्ट्या चालतात, खर्च जवळजवळ नाही.

तारेत थेट वीज सोडणं हा गुन्हा आहे. आपल्या भागात त्यानं माणसं मेलीत, गुरं मेलीत. सौर कुंपणाचं यंत्र क्षणभराचा झटका देतं, जीव घेत नाही. कायमचा गोठा असेल आणि परवडत असेल तर तेच घ्या. घरच्या शेळ्यांसाठी मात्र सगळ्यात स्वस्त आणि पक्का उपाय म्हणजे चार भिंती, वर जाळी आणि बंद होणारं दार. परड्यात दाव्यानं बांधलेली शेळी रात्रभर उघड्यावर ठेवू नका. तिला तर पळताही येत नाही.

दिवसा चरताना

दिवसा लांडगा एकट्या पडलेल्या जनावराची वाट बघतो. लंगडं मेंढरू, नुकतीच व्यालेली मेंढी, मागं रेंगाळणारी शेळी. मेंढकं दोन असतील तर एक पुढं, एक मागं. पुढं दोघं गप्पा मारत चालले की मागचं रान मोकळं राहतं. ओढा ओलांडताना, झाडीतून जाताना आणि संध्याकाळी वळताना नजर कळपावर ठेवा, मोबाइलवर नको. जोडीतला एक लांडगा समोर उघड्यावर येऊन उभा राहतो, कुत्री आणि माणूस त्याच्या मागं धावतात आणि दुसरा मागच्या बाजूनं कोकरू नेतो, हे जाणत्या मेंढपाळांना चांगलं ठाऊक आहे. तेव्हा एक लांडगा दिसला की आधी पाठीमागं बघा. कळप गोळा करा, आरोळी द्या, काठी आपटा. पाठलाग करू नका.

मोटारसायकलवरून पाठलाग करून व्हिडिओ काढणाऱ्या पोरांना तर मी हात जोडून सांगतो, थांबा. दमलेलं, पिलांपासून तुटलेलं जनावर मरतं. तुमच्या मोबाइलवर त्यातलं काहीच दिसत नाही.

कुत्र्यांबद्दल

चांगली धनगरी कुत्री म्हणजे वाड्याची राखणदार. दोन-तीन तरी पाहिजेत आणि रात्री मोकळी पाहिजेत. गळ्यात काट्यांचा किंवा रुंद चामड्याचा पट्टा घाला, लांडगा नरडं धरतो. पण या कुत्र्यांना रेबीजची लस दर वर्षी टोचा आणि जमलं तर डिस्टेंपर व पार्वोचीही. कुत्र्यांचे हे आजार लांडग्यांना लागतात आणि पिलांसह अख्खं कुटुंब संपू शकतं. पिसाळलेल्या लांडग्यामुळं होणारा धोका वेगळाच. त्याच्याबद्दल पुढं.

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न मला लांडग्यापेक्षा मोठा वाटतो. शहराच्या आणि औद्योगिक वसाहतींच्या कडेला कचऱ्यावर वाढलेल्या टोळ्या माळावर येतात, मेंढरं फाडतात आणि नाव लांडग्याचं होतं. शिवाय एकटा पडलेला लांडगा कुत्र्यांशी जोडी जमवतो आणि संकर होतो. पुण्याजवळच्या माळांवर असे संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून सिद्ध झालंय. जगभरच्या लांडग्यांपासून फार पूर्वी वेगळा झालेला हा आपला जुना वंश अशानं पातळ होत जाईल.

मेंढरू गेलं तर: पहिले दोन तास

इथं घाई केली की भरपाई जाते.

मेलेलं जनावर हलवू नका, कापू नका, पुरू नका. त्यावर कापड किंवा फांद्या टाका, कुत्री-कावळे येऊ देऊ नका. लगेच मोबाइलमध्ये फोटो घ्या: जनावराचे, जखमांचे, गळ्याचे, आसपासच्या पावलांचे (शेजारी काडेपेटी किंवा नाणं ठेवून) आणि जागा ओळखू येईल असा एक लांबून. फोटोवर वेळ आणि ठिकाण उमटवणारं ॲप असेल तर ते वापरा.

जखमा काय सांगतात ते बघून ठेवा. लांडगा बहुधा नरडं धरतो, मग पोट आणि मागचा भाग खातो, लहान जनावर असेल तर घेऊन जातो. कुत्र्यांनी मारलेलं मेंढरू मागून, मांड्यांवर, कानांवर, कुठंही चावलेलं असतं. बरीच जनावरं जखमी आणि खाल्लेलं थोडं. बिबट्या असेल तर गळ्यावर सुळ्यांची खोल भोकं असतात आणि जनावर आडोशाला ओढून नेलेलं असतं. तुमचा अंदाज पंचनाम्याला आलेल्या वनरक्षकाला सांगा, पण निर्णय त्याच्यावर सोडा.

कळवायचं कुणाला? त्या गावच्या वनरक्षकाला किंवा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला. नंबर नसेल तर वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन. नियमात ४८ तासांची मुदत आहे, पण तुम्ही त्याच सकाळी कळवा, कारण उन्हात पुरावा दुपारपर्यंत जातो. पोलीस पाटील आणि पशुवैद्यकीय अधिकारी यांनाही बोलवा. जनावराची किंमत पशुवैद्यकाच्या दाखल्यावर ठरते. आधार कार्ड आणि बँक पासबुकाची प्रत जवळ ठेवा.

२०२२ च्या शासन निर्णयानुसार मेंढी किंवा शेळी मेल्यास बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५ हजार रुपये, यांपैकी कमी असेल ती रक्कम मिळते. गाय, बैल, म्हैस यांच्यासाठी ती मर्यादा ७० हजार आहे. दर बदलत असतात, अर्ज करताना चालू दर विचारा. लांडग्याचं नाव या यादीत आहे. काही ठिकाणी "लांडग्याची भरपाई मिळत नाही" असं सांगून मेंढपाळाला परत पाठवतात. एका वर्षी माझ्याच चुलत्याला तीन फेऱ्या मारायला लावल्या आणि तोवर त्यांचा तळ पुढच्या गावाला हलला होता. तसं झालं तर अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

फिरत्या मेंढपाळानं एक लक्षात ठेवावं. नुकसान जिथं झालं तिथल्या वन कार्यालयात तक्रार द्यायची, तुमच्या मूळ गावात नाही. बकरी कर्नाटकात असतील तर तिथल्या वन विभागात आणि तिथल्या नियमांनी. तळ हलवायचा असेल तर पंचनामा झाल्याशिवाय हलवू नका. एक दिवस चारा कमी पडेल, पण अर्ज टिकेल.

ज्याच्याकडं पन्नास मेंढरं आहेत आणि जमीन नाही, त्याला आपण 'लांडगा वाचवा' म्हणणार असू, तर त्याचा पंचनामा वेळेत होतो का हे बघणं आपलंही काम आहे. गावातल्या शिकलेल्या पोरांनी अर्ज लिहून दिला, फोटो मेल केले, फोन केला, एवढं केलं तरी खूप होतं. मेंढपाळानं विषाची पुडी आणायचं ठरवलेलं असेल, तर ते बहुधा अशा बुडालेल्या अर्जानंतरच ठरवलेलं असतं. विष घातलेल्या मढ्यानं मग कोल्हे, घारी, गावातली कुत्री आणि स्वतःच्या वाड्याची राखणदार कुत्रीसुद्धा मरतात.

माणसांना धोका किती

आपल्याकडच्या माळावर निरोगी लांडगा माणसाला टाळतो. शतकानुशतकं मेंढपाळांची बायका-पोरं त्याच माळावर उघड्यावर झोपत आलीत. पण धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही. २०२४ साली उत्तर प्रदेशातल्या बहराइच जिल्ह्यात लांडग्यांनी लहान मुलं मारली. त्याच राज्यात १९९६ च्या सुमारासही असे हल्ले झाले होते. त्यातली अनेक मुलं रात्री घराबाहेर किंवा दार नसलेल्या घरात झोपलेली होती. त्यातून आपण घ्यायचं ते एवढंच: लांडग्यांचा वावर असेल तेव्हा लहान मुलं उघड्यावर एकटी झोपू देऊ नका, अंधारात त्यांना एकट्यानं परसाकडं पाठवू नका.

हे सगळ्यात जास्त लागू पडतं ऊसतोड मजुरांच्या खोपट्यांना. आई-बाप पहाटे चारला फडात जातात आणि चिमुरडी पोरं मागं राहतात. तिथं लांडग्यापेक्षा बिबट्याचा, सापाचा धोका जास्त. गावानं त्या तळावर एक दिवा, दार लागेल अशी एक खोली आणि पोरं सांभाळायला एक माणूस दिला तर या सगळ्याच भीती कमी होतात.

लांडगा समोर आला तर पळू नका. त्याच्याकडं तोंड करून उभे राहा, घोंगडं किंवा टॉवेल दोन्ही हातांनी उंच धरा, मोठ्यानं ओरडा, हळूहळू मागं सरका, त्याला जायला वाट ठेवा. लहान मूल बरोबर असेल तर उचलून घ्या.

दिवसाढवळ्या गावात शिरणारा, माणसाला न घाबरणारा, लाळ गळणारा, दिसेल त्याला चावत सुटलेला लांडगा, कुत्रा किंवा कोल्हा पिसाळलेला असू शकतो. लोकांना घरात घ्या आणि वन विभागाला कळवा. चावा किंवा ओरखडा लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तंबाखू काही भरू नका. लगेच सरकारी दवाखाना गाठा. कोल्हापुरात सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. रानटी जनावराच्या चाव्याला लशीबरोबर जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्ध तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं. ते दिलंय का, हे विचारून घ्या. लशीचे सगळे डोस पूर्ण करा. रेबीजची लक्षणं सुरू झाली की माणूस वाचत नाही. चावलेलं मेंढरूही बाजूला बांधा, त्याचं दूध किंवा मांस वापरू नका, पशुवैद्यकाला दाखवा.

मढी, पोल्ट्री आणि गायरान

मेलेलं जनावर गावाबाहेर टाकायची पद्धत सोडा. ते माणसाच्या उंचीएवढा खड्डा घेऊन चुना टाकून पुरा. पोल्ट्रीवाल्यांनी मेलेले पक्षी ओढ्यात फेकणं बंद केलं पाहिजे. आजच्या घडीला माळावरच्या कुत्र्या-लांडग्यांना गावाजवळ ओढून आणणारं यासारखं दुसरं कारण नाही. ग्रामपंचायतीनं पोल्ट्रीच्या परवान्याला विल्हेवाटीच्या खड्ड्याची अट घालावी.

आणि गायरान. सरकारी कागदावर माळ 'पडीक' असतो. म्हणून त्यावर सौर प्रकल्प येतो, वसाहत येते, नाहीतर दाट झाडं लावायचा उपक्रम येतो. झाडं लावणं मला प्रिय आहे, पण माळावर खड्डे काढून गिरीपुष्प लावलं की गवत जातं, ससा जातो, टिटवीची अंडी जातात आणि मेंढरांना चारा राहत नाही. उपाशी लांडगा आणि उपाशी मेंढरं मग एकाच उरलेल्या पट्ट्यात भेटतात. ग्रामसभेत गायरानाचा विषय आला की मेंढपाळाला बोलवा. बरेचदा तो त्या दिवशी माळावर असतो आणि ठराव त्याच्याशिवाय होतो.

बीळ सापडलं तर

आपल्या मुलखात लांडगीण साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत विते, म्हणजे अगदी ऊसतोडीच्या ऐन हंगामात. गाभणपण दोन महिन्यांचं. तीन ते सहा पिलं होतात. ओघळीच्या काठात, मुरमाच्या उतारावर, साळिंदरानं किंवा कोल्ह्यानं काढलेलं बीळ ती मोठं करून वापरते. पिलं दोन आठवड्यांनी डोळे उघडतात, तीन-चार आठवड्यांची झाली की बिळाच्या तोंडाशी खेळायला लागतात.

उसाच्या फडात सापडलेली पिलं मात्र बहुधा लांडग्याची नसतात, रानमांजराची किंवा कोल्ह्याची असतात. कुठलीही असोत, हात लावू नका, दूध पाजू नका, घरी नेऊ नका. तोडणी तेवढ्या कोपऱ्यात थांबवा आणि रात्रभर जागा मोकळी सोडा. आई बहुतेक वेळा पिलं उचलून नेते. सकाळी पिलं तिथंच असतील तर वन विभागाला फोन करा.

माळावर बीळ दिसलं तर धूर करू नका, तोंड बुजवू नका, कुणाला ठिकाण सांगू नका, फोटो टाकू नका. एक जण बघायला गेला की दुसऱ्या दिवशी वीस जण येतात. पिलं असताना लांडगा बिळाच्या जवळच शिकार करतो, म्हणून त्या दोन-अडीच महिन्यांत तुमची बकरी त्या बाजूला नेऊ नका. दोन-तीन किलोमीटर लांब चारा. आजूबाजूच्या वाड्यांनाही सांगा, पण जागा न सांगता: "त्या ओघळीकडं यंदा नको." आमच्याकडं एवढ्या बोलण्यावर सगळे समजायचे. वनरक्षकाला मात्र नेमकं ठिकाण सांगा, म्हणजे तिथं चर खणायचं किंवा रोपं लावायचं काम त्या महिन्यांत निघणार नाही.

होळीच्या आसपास पिलं आईबापाबरोबर फिरायला लागतात आणि बीळ सुटतं. त्यानंतर दोन-चार दिवस सकाळी लांबून बघा. बिळाच्या तोंडाशी ताजी पावलं नसतील, कोळ्यानं जाळं विणलेलं असेल, तर तो माळ पुन्हा तुमच्या बकऱ्यांना मोकळा आहे.